फक्कीचं देऊळ

भिकुबाईचं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा जळगावला पाद्रीसाहेबाच्या हाताखाली आहे. त्यावरून तिच्या माहेरच्यांनी टेबल, खुर्ची, दौत, टाक असा सगळा थाट मनातल्या मनात मांडून टाकला. लग्नानंतर नवरा पहिल्यांदा रजेवर बोरखेड्याला आला तो केसापासून पायाच्या नखापर्यंत चुन्यानं पांढरा. सासूनं त्याला अंगणातच अडवलं आणि डोक्यावर घागरी ओतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. भिकुबाई दाराआडून बघत होती. पाण्याखालून हळूहळू बाहेर येणारा माणूस दिसायला बरा होता, म्हणून तिनं कारकुनीचा नाद सोडून दिला.

बोरखेडं हे चोपड्याहून सातपुड्याकडं तोंड करून निघालं की लागणारं गाव. कापूस, ज्वारी, विहिरीखाली थोडी केळी. चुडामण तिथल्या एका खात्यापित्या पाटील घरातला धाकटा. शेतीत त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याचं लक्ष असायचं कुठं हेच कुणाला कळत नव्हतं. ते कळलं १९०६ साली, आणि ते कसं कळलं हे भिकुबाईनं सासऱ्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढं पुढं तीच त्यांना मधले शब्द पुरवायची.

त्या साली दिवाळीनंतर बाप-लेक कापसाची गाडी घेऊन सरकी काढायला जळगावच्या जिनावर गेले. जिनासमोर गाड्यांची ही लांब रांग. बाप चौकशीला पुढं गेला आणि जाताना म्हणाला, बैलांकडं बघ. चुडामण काही वेळ बैलांकडं बघत होता, तोवर ठीक होतं. मग त्याची मान वर झाली. रस्त्यापलीकडं मिशनच्या आवारात एक लहानसं चर्च उभं राहत होतं आणि त्या दिवशी भिंतींवर लाकडी कैच्या चढत होत्या. आपल्याकडच्या घरांना मातीचं धाबं, आणि धाब्याला खणाखणाला खांब. घरात कुठंही वळा, खांब आडवा येतोच. इथं दोन भिंतींवर लाकडाचे त्रिकोण उभे राहिले होते आणि खाली सगळं मोकळं होतं. चुडामण गाडी तशीच सोडून आत गेला. बाप परत आला तेव्हा सगळी रांग पुढं सरकली होती, ह्यांची गाडी मात्र होती तिथंच होती, आणि मागचे गाडीवाले जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“बैल उपाशी उभा शेतस, आनि तू वर काय देखी ऱ्हायना?” बापानं त्याला आवारात गाठून विचारलं.

“आबा, मधमा खांबच नही शे,” चुडामण म्हणाला.

बापानं पाठीत एक घातली. त्यानं ती खाल्ली, पण मान काही खाली आली नाही. हा सगळा प्रकार पायरीवर बसलेला एक तरुण गोरा पाद्री बघत होता. त्याचं नाव बार्लो. मराठी तो पुस्तकांतून शिकला होता, त्यामुळं गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ‘आपण जरा बाजूस व्हावं’ म्हणायचा. त्यानं बापाला हात जोडून विचारलं, “आपले चिरंजीव आमच्या कार्यास मिळतील काय?” बापानं बैलांकडं बघितलं, चिरंजीवांकडं बघितलं, आणि न्या म्हणाला.

ह्या बार्लो साहेबाचे वडील इंग्लंडातल्या एका लहान गावी चर्चचे नकाशे काढायचे. त्यांचं नाव आपल्या मुलखाबाहेर गेलं नव्हतं. आसपासच्या खेड्यांत नवी चर्चं बांधायची, जुन्यांची डागडुजी करायची, कुठं मनोरा चढवायचा, कुठं गळकं छप्पर उतरवायचं, यात त्या गृहस्थाचा जन्म गेला. साहेब लहानपणी मोजपट्टीचं दुसरं टोक धरून पावसात उभा राहिला होता. पुढं तो पाद्री झाला, पण हिंदुस्थानात येताना वडिलांच्या नकाशांची एक जाडजूड गुंडाळी बरोबर घेऊन आला. ती गुंडाळी म्हणजे चुडामणची शाळा झाली. कैचीचा जोर भिंतीवर कसा येतो, भिंत बाहेर ढकलली जाऊ नये म्हणून तिला टेकू कुठं द्यायचा, कमानीतला शेवटचा दगड कधी बसवायचा, हे त्यानं त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याकडून शिकून घेतलं. दर गुरुपौर्णिमेला तो गुंडाळीला झेंडूचा हार घालायचा आणि नारळ फोडायचा. साहेब अगदी ओशाळा व्हायचा. “माझ्या तीर्थरूपांस हे कळलं तर ते घाबरतील,” तो म्हणायचा. चुडामणचं म्हणणं, शिष्य कोण हे गुरूला माहीत असलंच पाहिजे असं कुठं आहे?

होता होता चुडामणचा चुडामण मिस्तरी झाला. मिशनच्या शाळा आणि प्रार्थनेच्या खोल्या त्यानं बांधल्या, आणि मधल्या काळात शिरपूर-चोपड्याच्या बाजूचे कितीतरी मारुती, महादेव आणि एक-दोन विठोबाही. एका देवाचं काम करताना दुसऱ्या देवाचं सामान वापरायचं नाही, एवढा नियम तो पाळायचा. बाकी देवांचं आपसात काय असेल ते त्यांनी बघून घ्यावं, असं त्याचं मत होतं.

त्याच्या कामाची एक रीत मात्र कुणाचीच नव्हती, त्या इंग्लंडातल्या गुरूचीसुद्धा नव्हती. कागदावरचं घर खेड्यातल्या माणसाला दिसत नाही. तो आपला हो हो म्हणून मोकळा होतो, आणि भिंती उठल्यावर त्याला आठवतं की पालखी ह्या दारातून निघायची नाही. म्हणून चुडामण मोकळ्या जागेत चुन्याची भुकटी, म्हणजे फक्की, टाकून सगळं देऊळ खऱ्या मापानं जमिनीवर काढायचा. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी रेघ तुटलेली. मग गावाला बोलवायचा. या, बसा, उठा, देवाजवळ जा, घरी जा. स्वतः बाजूला उभं राहून नुसतं बघत बसायचा, आणि जिथं माणसं अडखळतील तिथली रेघ पायानं पुसून दुसरी काढायचा. शिरपुराकडच्या एका गावी अशा फक्कीच्या देवळातून एक म्हैस आरपार निघून गेली, तेव्हा देऊळ पाडलं म्हणून पुजारी तिच्यामागं काठी घेऊन धावला होता. मिस्तरीला त्या दिवशी फार समाधान वाटलं. भिंत लोकांना दिसायला लागली की निम्मं काम झालं, असं तो म्हणायचा.

१९२६ साली त्याच्या आयुष्यातलं मोठं काम आलं. बार्लो साहेबाची बदली केव्हाच धुळ्याला झाली होती आणि तिथं मोठं चर्च बांधायचं ठरलं. दगड येऊन पडला. साहेबानं गुंडाळीला हात लावला नाही. “ह्या वेळेस नकाशा आपण काढावा,” तो चुडामणला म्हणाला. म्हणजे ही कारागिरी दुसऱ्याच्या कागदावरून नव्हती, पहिल्या रेघेपासून त्याची होती. चुडामण हे सांगायला बोरखेड्याला आला तेव्हा उंबऱ्यातच तेच तेच तीनदा सांगून गेला. भिकुबाईनं त्याला गूळपाणी दिलं आणि ‘इतलं काय त्यामा’ म्हणाली, पण शेजारणीला सांगायला मागच्या दारानं तीच आधी गेली.

अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होता. खान्देशात अखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. गावात बायकाच बायका झालेल्या होत्या. सुगी संपल्यामुळं खळी रिकामी, सारवलेली, सपाट पडलेली. चुडामणला धुळ्याला जाईपर्यंत धीर निघेना. त्यानं गावाशेजारच्या मोठ्या खळ्यात धुळ्याचं चर्च फक्कीनं मांडून टाकलं.

“चुडामण, हाई काय मांडं रे?” म्हाताऱ्या शेवंताबाईनं विचारलं. ही गावचे पंच हिलाल पाटील यांची आई. तिला उत्तर न देता पुढं जाणं कुणाला जमत नसे.

“घर शे, मोठी माय.”

“कोनं?”

“देवनं.”

“मंग बसू का?”

“बसा ना. बठ्ठ्या जनी बसा.”

कोणत्या देवाचं, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याच्या डोक्यात तो प्रश्नच आला नाही. बायका झोक्यांवरून उतरून आल्या, पोरंबाळं कडेवर घेऊन आत बसल्या. जिथं धुळ्याचं पवित्र मेज यायचं होतं तिथं शेवंताबाईनं पाय पसरले आणि मिश्रीची डबी उघडली. गाणी सुरू झाली. मिस्तरी कोपऱ्यात उभा राहून बघत होता. मध्येच एका माहेरवाशिणीचं पोर रडायला लागलं. मोठं दार लांब, पुरुषमाणसांच्या बसायच्या जागेतून जाणारं. ती सरळ जवळच्या रेघेवरून बाहेर पडली. मग अंगणात गेल्यावर तिला आठवलं की आपण भिंतीतून आलो, आणि ती लाजून परत फिरली, आत आली, आणि पोर रडत असतानाच सगळ्यांमधून वाट काढत दाराकडं गेली. बायका हसून हसून लोळल्या. चुडामण मात्र हसला नाही. तो त्या जागेवर गेला, पायानं रेघ पुसली आणि तिथं एक दार उघडलं. लेकुरवाळीला कुणाला न ओलांडता बाहेर जाता यावं, असं दार गुंडाळीतल्या एकाही चर्चला नव्हतं.

“लोकसले सांगं का, कसानं देऊळ शे ते?” संध्याकाळी भिकुबाईनं त्याला विचारलं.

“कोनी इचारं नही,” तो म्हणाला.

विचारायला वेळ लागला नाही. चोपड्याच्या बाजारात मिशनचा एक माणूस सहज बोलून गेला, आमच्या धुळ्याच्या चर्चची फक्की म्हणे तुमच्या गावात पडली. बास. बाजार उठायच्या आत बोरखेड्याच्या बायका चर्चमध्ये बसल्या अशी बातमी झाली. पुढच्या गावी पुरुषही बसले. तापीपलीकडं गेली तोवर पाद्रीनं सगळ्या गावाला नदीत बुचकळून काढलं होतं.

पंच जमले. हिलाल पाटलांनी घसा खाकरून विचारलं, त्या रेघांच्या आत कोण कोण बसलं होतं? प्रत्येकाच्या घरातली कुणी ना कुणी होतीच, आणि माहेरवाशिणींच्या सासरी हे कळलं असतं तर काय झालं असतं ते बोलायची सोय नव्हती. शेवटी मागून शेवंताबाईचा खणखणीत आवाज आला, “मी तं चांगली पाय पसरीसन बसनी व्हती. काढ माले जातबाहेर.” पाटलांनी आईकडं बघितलं आणि पागोटं सारखं केलं. पंचांनी खळ्यावर तापीचं पाणी शिंपडायला सांगितलं, वारा होताच, रेघा उडून गेल्या, आणि बोरखेड्याचा धर्म जागच्या जागी परत आला.

पण पहूरचं तसं नव्हतं. चुडामणची एकुलती मुलगी सुंदर हिचं लग्न पहूरच्या झुलाल पाटलांच्या लीलाधरशी ठरलं होतं. साखरपुडा झालेला, तिथी धरलेली. झुलाल पाटील स्वतः आले. ओट्यावर बसले, पण भिकुबाईनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच बाजूला ठेवला. मोडलेल्या सोयरिकीची मुलगी घरात ठेवणं म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“मिस्तरी, मी भांडाले नाही आलो,” झुलाल पाटील आपल्या पूर्वेकडच्या बोलीत म्हणाले. “पोरगी मले पसंत आहे, घर पसंत आहे. पन उद्या लोकं इचारतीन, का बापा, हे कोन्या देवाचे सोयरे केले? मी काय सांगू? तुमी मले शब्द द्या. आजपासून खिस्तावाच्या देवळाले हात लावनार नाही. मंग मी पानी पेतो.”

सुंदर आत चुलीजवळ भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. चुडामणनं दाराकडं बघितलं, आणि भिकुबाईला वाटलं त्यापेक्षा फार लवकर तो घरच्या देवीची, कानबाईची, आण घेऊन बोलला.

“दिधा शब्द. कानबाईनी आन.”

झुलाल पाटील तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. भिकुबाईला आधी सुटल्यासारखं झालं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण नवरा ओट्यावर बसून आपल्या हातांकडं असा बघत होता, जसे ते कुणी दुसऱ्यानं तिथं आणून ठेवलेत.

तो धुळ्याला जाऊन साहेबाला सांगून आला. साहेबानं आधी विचारलं, मुलीचं लग्न कोणत्या महिन्यात आहे. आणि म्हणाला, “आपण शब्द दिला आहे तर तो पाळावा. मी थांबतो. एका गावच्या मनोऱ्यासाठी माझे तीर्थरूपही पुष्कळ वर्षं थांबले होते. तेथील लोकांचं आपसात पटत नव्हतं.” तो तसा थांबला. दुसरा मिस्तरी बघा म्हणून मिशनचे लोक मागं लागले तरी ‘पाहू, पाहू’ म्हणत राहिला. ख्रिस्ती माणसं शाळेच्या खोलीत दाटीवाटीनं प्रार्थना करत राहिली, आणि आवारातल्या दगडांच्या राशींवर गवत चढलं.

सुंदरचं लग्न थाटात झालं. त्यानंतरची चार वर्षं भिकुबाईला आठवली की नकोसं व्हायचं. चुडामण आजारी नव्हता, चिडत नव्हता, दारू पीत नव्हता. शेती करत होता. केळीच्या बागेत तो दोरी आणि ओळंबा घेऊन जायचा, त्यामुळं बोरखेड्यात त्याच्याइतक्या सरळ ओळी कुणाच्याच नव्हत्या आणि केळी मात्र सगळ्यांपेक्षा कमी लागायची. मारुतीच्या देवळांची कामं यायची, ती करायचा; कुणाचा ओटा बांधून द्यायचा, कुणाच्या विहिरीचं तोंड. मनानं नाही, नुसत्या हातांनी. पूर्वी कुणाच्या नव्या घरी जेवायला गेलं की हा माणूस ताटाकडं न बघता आढ्याकडं बघत बसायचा आणि भिकुबाईची मान खाली जायची. आता तो ताटाकडं बघून जेवायचा. तिला ते बघवत नसे. ‘एकदा तरी वर बघा हो,’ असं तिच्या अगदी ओठांवर यायचं.

“तुम्ही हात नका लावू. नुसतं उभं राहीसन सांगा, दुसरा बांधी,” एकदा ती धीर करून म्हणाली.

“सांगनं म्हनजेच बांधनं शे,” तो म्हणाला, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

१९३० च्या पावसाळ्यानंतर सुंदर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्याच सुमाराला धुळ्याहून निरोप आला होता, बार्लो साहेब आता थकला, पुढल्या वर्षी कायमचा विलायतेला जाणार. मिशननं सांगून टाकलं होतं, होळीपर्यंत वाट बघू, मग मुंबईचा कंत्राटदार येईल आणि त्याच्या पद्धतीनं बांधेल. चुडामणनं निरोप ऐकला आणि ‘बरं’ म्हणाला. भिकुबाईनं हे सगळं सुंदरच्या डोक्याला तेल लावता लावता तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, बोलता बोलता तोंडातून गेलं. तेल लावून झाल्यावरही सुंदरनं डोकं आईच्या मांडीवरून उचललं नाही.

मुलगी झाली. झुलाल पाटलांच्या घरात त्यांना बहीण नाही, मुलगी नाही. सगळे दांडगे पुरुष. नातीची बातमी ऐकून त्यांनी पहूरला साखर वाटली. बारशाला ते बायको सुनंदाबाईंना घेऊन रंगीत छताच्या दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आले, बरोबर जळगावचा पाळणा, चांदीचे वाळे, टोपडी, झबली. पाळण्याजवळ बसून ते त्या एवढ्याशा जिवाशी जे बोबडं बोलत होते ते ऐकून हिलाल पाटलांनीसुद्धा दुसरीकडं तोंड फिरवलं.

नाव ठेवून झालं, वरण-बट्टीची पंगत बसली, भिकुबाई पळी घेऊन वाढत होती. झुलाल पाटील रंगात आले आणि आतल्या दाराकडं तोंड करून बायकोला मोठ्यानं म्हणाले, “सूनबाईले इचारा, काय पाह्यजे. आज मांगीन ते देतो!”

सून सासऱ्याशी समोरून बोलत नाही, म्हणून सुनंदाबाई उठून दाराशी गेल्या. पंगतीत कुणी म्हणालं एकदाणी मागेल, कुणी म्हणालं पाटल्या. आतून सुंदरचा आवाज आला. सांगत होती ती सासूला, पण ऐकायला सगळ्या पंगतीला येईल एवढ्या मोठ्यानं.

“मामंजीसले सांगा, मन्हा बापना शब्द त्यासले परत द्या.”

पंगत थांबली. भिकुबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. तिला वाटलं, आता पोरीला कायमची इथंच ठेवून जातील. चुडामणची मान खाली, हात ताटात. झुलाल पाटील गोंधळून इकडं तिकडं बघत होते.

“कोन्ता शब्द?” त्यांनी विचारलं.

ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. सुनंदाबाईंनी हळूच सांगितलं, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “अहो, ते?” ते म्हणाले. “ते तं मी त्या वक्ताले लोकायचं तोंड बंद कराले म्हनलो होतो. मले वाटलं, लगन झालं का तुमी आपले कामाले लागसान!” आणि मग त्यांनी व्याह्याकडं नीट बघितलं. “तुमी... चार वर्सं?”

“कानबाईनी आन लिधी व्हती,” चुडामण ताटाकडं बघत म्हणाला.

भिकुबाईला क्षणभर असं वाटलं, की पळीतलं कढत वरण ह्या व्याह्याच्या पागोट्यावर ओतावं. तिच्या नवऱ्याची चार वर्षं गेली, आणि ज्यानं ती घेतली त्याला घेतल्याची आठवणसुद्धा नव्हती! तिनं तसं केलं नाही, कारण झुलाल पाटलांचा चेहरा पांढरा पडला होता. ते भरल्या ताटावरून उठले. जेवता माणूस ताटावरून उठतो तेव्हा काहीतरी भयंकर झालेलं असतं. चुडामणसमोर जाऊन त्यांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. उजवा खरकटा होता.

“घ्या बापा, तुमचा शब्द. दिला परत. कानबाईले काय सांगायचं ते मी सांगतो,” ते म्हणाले. “पन मले एकडाव इचारलं काहून नाही?”

व्याह्याला दिलेला शब्द परत मागायचा असतो, हे चुडामणच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

हात धुऊन तो आत गेला. सुंदर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तो दाराशीच उभा राहिला.

“सोनं मांगती तं त्यासनी दिधं असतं,” तो म्हणाला.

“आबा, तुम्ही शब्द दिधा तवय मी चूलजोगे व्हती. तुम्ही पहिले मन्हाकडे देखं आनि मंग बोलनात,” सुंदर म्हणाली. “चार सालथून माले ते देखनं दिखी ऱ्हायनं. घास घशाखाले उतरे नही एखादा दिन.”

इतकी वर्षं त्याची समजूत होती की पोरगी लहान होती, तिला काही कळलं नाही, आणि तेवढं एक बरं झालं. तो खाली बसला. त्यानं हात पुढं केले आणि नातीला घेतलं. “मान धरा तिनी, मान!” भिकुबाई दारातून ओरडली. मोठमोठी छपरं पेलून धरणारा माणूस, पण पोराची मान धरता येत नव्हती. तिनं त्याचा हात नीट खाली सरकवला.

“उद्या निघस मी धुळाले,” तो म्हणाला.

“उद्या कसाले?” भिकुबाई म्हणाली. ज्या दिवशी त्यानं शब्द दिला त्या दिवशी आपल्याला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं आणि आजही सांगणार नव्हती. “आजच निघा. साहेब वाट देखी ऱ्हायना. मी बट्ट्या बांधी देस.”

पंगतीचा दुसरा फेरा अजून उठायचा होता. चुडामण गडबडीनं बाहेर पडला तो झुलाल पाटलांनी त्याला अंगणात अडवलं. त्यांनी आपल्या गड्याला हाक मारली आणि दमणी जुंपायला सांगितली. व्याह्यानं नको नको म्हटलं, ते ऐकेनात. “चार वर्सं थांबवलं मी तुमाले, आता पायी पाठवू का?” ते म्हणाले, आणि स्वतः दंडाला धरून त्याला दमणीत बसवलं. पहूरच्या पाटलांच्या दमणीतून चुडामण मिस्तरी चर्च बांधायला निघाला, आणि भिकुबाई हातात पळी घेऊन अंगणात उभी राहून रडत होती. पंगतीतून कुणीतरी वरण मागितलं, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन वाढायला लागली.